केसभर फट नसलेलं बाकडं

जवळ या, मंडळी. मागच्यांनी पुढे सरकावं, पुढच्यांनी थोडं आवरून बसावं. एका सुतारानं रबरी होडीत बाकडं बसवलं आणि त्या बाकड्यावर अकरा वर्षांचा अबोला येऊन बसला, त्याची हकीकत सांगायची आहे. हसू आलं तर हसून घ्या. पण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला त्यांच्यापैकी त्या दिवशी कोणीही हसलं नव्हतं, एवढं मनाशी असू द्या.

मिस्त्री चाळीस वर्षं सुतारकाम करून नुकतेच घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे घरातल्या प्रत्येक दारावरून रंधा फिरवून झाला होता, आणि आता एकही दार कुरकुरत नसल्यामुळे कोण कधी आत आलं ते कोणाला कळत नव्हतं. त्यांनी जोडलेल्या दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरत नसे. स्क्रूचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "स्क्रू म्हणजे सुतारानं दिलेला कबुलीजबाब," असं ते म्हणत. "मला सांधा जमला नाही, असं लिहून देण्यासारखं आहे ते."

घर नदीकाठी होतं. नदी एवढी रुंद की पलीकडची माणसं दिसत नसत, दिवे तेवढे दिसत. त्यातला धक्क्याच्या वरचा एक दिवा ताईंच्या घराचा. ताई म्हणजे मिस्त्रींच्या बायकोची थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे निवृत्ती शाळेला मिळाली होती, ताईंना नव्हे. त्यांची आई गेली त्या दिवशी धाकटी, म्हणजे मिस्त्रींची बायको, पोचली ती सगळं आटोपल्यावर. दारात पाऊल टाकताच ताई चार लोकांसमोर म्हणाल्या, "आलीस? बस. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्याच आहेत." धाकटी बसली नाही. पाण्याचा घोटही न घेता परत फिरली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पण रोज संध्याकाळी दिवे लागले की ती खिडकीशी काहीतरी निवडत बसायची, आणि तो एक दिवा लागल्याशिवाय तिचं निवडणं काही संपायचं नाही. मिस्त्री हे बघत होते. पाहायचं आणि न बोलायचं, हे त्यांना लाकडानं शिकवलं होतं.

एका सोमवारी बातमी आली, की ताई पुढच्या सोमवारी कायमच्या मुलाकडे चालल्या आहेत. लांबच्या, थंड हवेच्या शहरात.

"ताई चालल्यात," जेवताना मिस्त्री म्हणाले.

"कोण ताई?"

"तुला किती ताई आहेत?"

"मला एकही नाही." तिनं वाटी जरा जोरातच खाली ठेवली. मग थोड्या वेळानं, "थंडी असते म्हणे तिकडे."

"रविवारी जाऊन येऊ. होडी आहे आपली."

"त्या टायरवर बसून? या गुडघ्यानं?"

होडी खरोखरच तशी होती. तळ कडक, फायबरचा, आणि भोवती हवा भरलेल्या जाड रबरी नळ्यांचं कडं. नदीवर गस्त घालणाऱ्यांनी जुनी म्हणून मोडीत काढलेली ती होडी मिस्त्रींनी पंधरा वर्षं सांभाळली होती. तिच्यात बसायचं म्हणजे त्या गोल नळीवर घोड्यासारखं बसायचं, नाहीतर तळाशी मांडी घालून. वहिनींचा गुडघा दोन्हीला तयार नव्हता. आपण त्यांना वहिनीच म्हणू, सगळा मोहल्ला तसंच म्हणायचा. बसनं जायचं तर पूल दूर वरच्या अंगाला, चार तास पाय दुमडून बसा.

"मागच्या बाजूला पाठ टेकून, पाय सोडून बसायला नीट जागा असेल तर येईन," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर माझं नाव काढू नका."

त्यांनी ही अट नकार म्हणून घातली होती. चाळीस वर्षं सुताराशी संसार करूनही त्यांच्या लक्षात आलं नाही, की सुतारापुढे अशी अट म्हणजे हातात दिलेलं कामच.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मिस्त्री शेडमध्ये टेप घेऊन उभे. होडी थंडीभर तिथेच पडून होती, नळ्या मऊ पडल्या होत्या. बोट दाबलं की खळगा पडे. मिस्त्रींनी एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं, आणि ते समाधानानं फळीवर पेन्सिलनं लिहिलं. इथेच घोटाळा झाला. पण त्यांना दोष देऊ नका. आयुष्यभर त्यांनी भिंतीभिंतींमधली अंतरं मोजली होती, आणि भिंती काही दुपारी फुगत नाहीत.

तेवढ्यात शेजारचे वजनकाका आले. वजनमाप निरीक्षक म्हणून त्यांनी साऱ्या बाजारपेठेला धाकात ठेवलं होतं. अजूनही ते भाजीवाल्यासमोर नुसते उभे राहिले तरी तो न सांगता दोन वांगी जास्त टाकत असे, आणि काका ती मोजून परत देत.

"दोन्ही बाजूंना अंगठाभर जागा सोडा, मिस्त्री."

"अंगठाभर?" मिस्त्रींना चोरी सुचवावी तसं झालं. "चाळीस वर्षांत मी केसभर फट सोडली नाही."

"तेव्हा लाकडाशी गाठ होती. ही हवा आहे."

"काका, तुम्ही वजनं बघा. मापं माझ्यावर सोडा."

"आमच्या खात्याचं नावच वजन आणि माप असं होतं," काका म्हणाले, आणि दुखावून घरी गेले.

चार दिवसांत बाकडं तयार झालं. जुन्या कपाटाच्या लाकडाचं, पाठीला किंचित कलतं, दोन्ही बाजूंना उंच फळ्या, कोपरे असे गोल केलेले की डोळे मिटून हात फिरवावा. एकही स्क्रू नाही. होडीच्या तळाला भोक पाडणं मिस्त्रींना पाप वाटत होतं. दोन नळ्यांच्या मध्ये बाकडं घट्ट बसणार, ते त्याच्या नेमक्या मापामुळेच.

वहिनींनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे दोन माणसांचं आहे."

"हं."

"तुम्ही तर मागे इंजिनापाशी नळीवर बसणार."

"लाकूड उरलं होतं," मिस्त्री म्हणाले, आणि पॉलिशचा डबा शोधायला वाकले. तो त्यांच्या हातातच होता.

शनिवारी होडी पाण्यात सोडली. पायपंपानं हवा भरली, आणि नळ्यांनी बाकडं असं आवळून धरलं की मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी बाकडं हलवून पाहिलं, होडी हलली, बाकडं हललं नाही. "बघा!" ते काठावरच्या काकांना म्हणाले. राग विसरून काका आले होते, कारण न येणं त्यांना जमलं नव्हतं.

मग वहिनी बसल्या. मिस्त्री मागे इंजिनाशी बसले. आणि होडीचं नाक शांतपणे वर वर जाऊ लागलं.

"अहो, मला आभाळ दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "पलीकडचा काठ कुठं गेला?"

"आहे तिथंच आहे. तू हलू नकोस."

"मी हलतच नाहीये. होडीच उभी राहतेय."

काठावर काकांनी वही काढली. "सगळं ओझं मागे. इंजिन पंचेचाळीस किलो, बाकडं अडतीस, मिस्त्री सत्तर, वहिनी—"

"वहिनींचं राहू द्या," वहिनी आभाळाकडे बघत म्हणाल्या.

"—वहिनी गृहीत धरल्या. पुढे कमीत कमी ऐंशी किलो हवेत. आणि ते जागचे हलता कामा नयेत."

"ऐंशी किलोचा धोंडा उचलून कोण ठेवणार?" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. बाकडं छोटं करायला वेळ नव्हता, आणि धीर तर मुळीच नव्हता. उद्या रविवार. परवा ताई जाणार. वहिनी सावकाश बाहेर आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते सुटकेसारखं असायला हवं होतं. तसं ते नव्हतं.

काकांनी वही मिटली. चष्मा पुसला. "मी ब्याऐंशी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "आज सकाळी, प्रमाणित काट्यावर."

रविवारी अकराला तिघे निघाले. सगळ्यांच्या अंगात फुगीर लाइफ जॅकेटं. पुढे टोकाला काका, नदीकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर, एखाद्या पुतळ्यासारखे. मध्ये कोणी नाही. मागे बाकड्यावर वहिनी, शेजारी त्यांची फुगलेली कापडी पिशवी. त्यांच्या पाठीमागे मिस्त्री. होडी पाण्यावर सपाट चालली होती, आणि काका शिंकले की तेवढीच किंचित वाकून पुन्हा जागेवर येत होती.

मिस्त्रींनी गुपचूप ताईंना फोन करून ठेवला होता. ताई म्हणाल्या होत्या, "येऊ दे. घरात घेईन. पण मी धक्का उतरून खाली जाणार नाही." आणि वहिनी होडीत सांगत होत्या, "मी पायऱ्या चढून वर जाणार नाही. ती खाली आली तर बोलेन." मिस्त्री इंजिनाची मूठ धरून हे ऐकत होते. मोठं ऊन पडलं होतं. काळ्या नळ्या तापत होत्या, आणि आतली हवा, जिचा हिशोब कोणीच धरला नव्हता, हळूहळू ताणत चालली होती.

पलीकडे दगडी धक्का, बावीस पायऱ्या. वरच्या पायरीवर ताई उभ्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, हाताची घडी. मिस्त्रींनी होडी बांधली आणि मग जे झालं ते असं, की काहीच झालं नाही.

ताई वर उभ्या. वहिनी खाली बसलेल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. धक्क्यावरच्या एका मांजरानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ते निघून गेलं.

"वहिनी, त्या थोरल्या आहेत," काका मागे न बघता म्हणाले.

"म्हणूनच त्यांनी उतरावं. थोरल्यांना कळतं ना सगळं."

वरून आवाज आला, "मिस्त्री, तिला सांगा, चहा निवतोय!"

"त्यांना सांगा, आम्ही पाहुणे नव्हे!"

मिस्त्रींनी काहीच सांगितलं नाही, कारण दोघींनाही एकमेकींचं लख्ख ऐकू येत होतं. आणखी थोडा वेळ गेला. मग ताई वळल्या. घराकडे जाऊ लागल्या. ती पाठ पाहिली आणि वहिनींच्या चेहऱ्यावरचं सगळं बळ गळून गेलं. त्यांनी दोन्ही हात बाकड्यावर टेकले आणि उठायला गेल्या.

उठता येईना.

पुन्हा जोर केला. तापून टरटरलेल्या नळ्यांनी बाजूच्या फळ्या आत दाबल्या होत्या, एका अंगाला फळी, दुसऱ्या अंगाला फुगीर पिशवी आणि दुसरी फळी, वर जॅकेट. बाटलीत बूच बसावं तशा वहिनी बसल्या होत्या.

"अहो!" त्या म्हणाल्या. मिस्त्री हात देणार, तोच वहिनींच्या तोंडून अकरा वर्षांत न आलेली हाक आली, आणि ती नवऱ्यासाठी नव्हती.

"ताई! ताई, अडकले गं मी!"

गुडघ्यांची, वयाची आणि प्रतिज्ञेची पर्वा न करता ताई बावीस पायऱ्या कशा उतरल्या ते सांगणं कठीण आहे. शाळेत मूल पडल्यावर उतरत असतील तशा उतरल्या. एक पाय होडीत टाकून त्यांनी बहिणीचा हात धरला. "ओढते. एक, दोन..." तिनाला होडी डुलली. ताई गर्रकन फिरल्या आणि बाकड्यावरच्या पिशवीवर धपकन बसल्या. लाकूड एकदा करकरलं. मग शांत झालं.

"उठ की," वहिनी म्हणाल्या.

"उठतेय." ताई उठल्या नाहीत. "मिस्त्री, हे काय केलंय तुम्ही?"

मिस्त्री मागून पाहत होते. कारागीर म्हणून त्यांना एक गोष्ट मान्य करावीच लागली: दोघी आणि फळ्या यांच्यामध्ये केसभरही फट नव्हती.

आता सोडवायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डाव्या पायाशीच नळीची झडप होती. बोटानं दाबली की हवा सुस्कारा टाकून निघून जाते, नळी सैल, बाकडं सैल, बहिणी मोकळ्या. ते वाकले. बोट झडपेवर ठेवलं.

"हे खाली काय टोचतंय मला?" ताई म्हणाल्या.

"सुया आहेत विणायच्या. पिशवीत."

"पिशवीत काय आहे एवढं?"

वहिनी नदीकडे बघत म्हणाल्या, "तुझी शाल. एक काठ राहिलाय. थंडी असते म्हणे तिकडे."

मिस्त्रींचं बोट झडपेवर होतं. ते तिथेच राहिलं. दाबलं गेलं नाही.

"मिस्त्री," पुढून वजनकाका म्हणाले, "हवा का नाही सो—" आणि मान वळवून त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी नुसते डोळे मिटून उघडले. काकांनी पुन्हा तोंड फिरवलं आणि समोरच्या दगडी भिंतीला म्हणाले, "नाही, काही नाही. घाई नाही."

पण घाई होती. सकाळी निघताना वहिनींनी दिलेला चहा काकांनी आग्रहाखातर दोनदा घेतला होता, आणि वर ताईंच्या घराचं दार उघडं दिसत होतं. ते उतरले असते तर मात्र होडीचं नाक वर गेलं असतं आणि मागचा भाग, तीन माणसांसकट, पाण्याखाली. हे गणित त्यांनी मनातल्या मनात दोनदा केलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. काका बसून राहिले.

मागे दोघी आधी भांडल्या. अकरा वर्षांचं साचलेलं, ते काही नीट रांगेनं बाहेर येत नाही. तू असं म्हणालीस, तू तशी गेलीस. एकमेकींकडे पाठ फिरवायची सोय नव्हती. रुसून दुसऱ्या खोलीत जावं तर खोलीच नव्हती. एक रागानं श्वास घ्यायची, तो दुसरीच्या बरगडीला लागायचा.

"मला कळवलं का नाहीस?" वहिनी शेवटी म्हणाल्या. "आई तीन दिवस आजारी होती. एक फोन तरी करायचा होतास."

ताई म्हणाल्या, "आईनं शपथ घातली. नदीला पाणी चढलं होतं. म्हणाली, तिला कळवू नकोस, ती रात्र म्हणणार नाही, पूर म्हणणार नाही, होडीत बसेल. दोघी जायला नकोत म्हणाली."

"मग मला तसं सांगायचं."

"सांगणार होते. तू दारात दिसलीस आणि... तीन दिवस मी एकटी होते गं. एकटी. तोंडातून भलतंच निघालं. मग तू गेलीस. मग रोज वाटायचं, उद्या जाऊ." ताईंचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठंतरी विरून गेला होता. "तुमच्याकडे संध्याकाळी खिडकीत दिवा लागतो ना, तो लागल्याशिवाय मी दार लावत नव्हते."

यावर वहिनींनी काय केलं ते मिस्त्रींना दिसलं नाही, कारण त्यांनी स्वतःच मान फिरवली होती. एवढंच जाणवलं की बाकडं हळूहळू हादरत होतं, दोन्ही बाजूंनी सारखंच. काकांनी खिशातून रुमाल काढला. त्यांचा तोल किंचित गेला, होडी झुकली, आणि त्यांनी नाक न पुसताच रुमाल परत ठेवला.

दुपार कलली. धक्क्याची सावली होडीवर आली, नळ्या निवल्या. बाजूच्या फळ्या एक सुस्कारा टाकून आपोआप मागे सरकल्या, दोन्हीकडे चांगली अंगठाभर जागा झाली. मिस्त्रींनी ते पाहिलं. दोघींनाही ते कळलं असणारच. पण उठलं कोणीच नाही. पिशवीतून शाल बाहेर आली होती, तिचं एक टोक ताईंच्या मांडीवर, दुसरं वहिनींच्या हातात, आणि राहिलेला काठ भराभर पुरा होत होता.

शेवटचा टाका घालून वहिनींनी सुई खोचली आणि मागे न बघता म्हणाल्या, "अहो, ती तुमच्या पायाशी झडप आहे ना, तिच्यावरचं बोट काढा आता. तीन तास झाले, बोट आखडलं असेल."

मिस्त्रींनी बोट काढलं. ते खरंच सरळ होत नव्हतं.

"म्हणजे?" ताई म्हणाल्या. "ही हवा सोडता येत होती?"

"पंधरा वर्षं मीच सोडतेय, ताई. यांना आठवण कुठं राहते?"

"मग सांगितलं का नाहीस मेले?"

"तू निघून गेली असतीस."

 ताईंनी शाल खांद्यावर घेतली, दुपारच्या उकाड्यात, आणि बहिणीला दंडाला धरून उठवलं. दोघी एकेक पायरी करत वर गेल्या. कोण कोणाचा आधार घेत होतं ते खालून कळत नव्हतं. सोमवारी ताई ठरल्याप्रमाणे गेल्या. जाताना त्यांच्या अंगावर काय होतं ते सांगायला नको.

मंडळी, मिस्त्रींचं बाकडं तुमच्या लक्षात राहील, बहिणीही राहतील. माझी विनंती निराळी आहे. मागे दोन माणसं रडून हलकी होत होती, त्या वेळी त्यांची होडी सरळ राहावी म्हणून पुढच्या टोकाला एक माणूस तीन तास उन्हात, भिंतीकडे तोंड करून, सगळी निकड पोटात धरून बसला होता. मागे वळून पाहिलं नाही, एक शब्द ऐकला असं कधी दाखवलं नाही. बहिणी वर गेल्यावर मिस्त्रींनी हात दिला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पायांना मुंग्या आल्यात, पण पायऱ्या दोन दोन चढाव्या लागतील." आणि चढला. देवाला हात जोडाल तेव्हा त्या ब्याऐंशी किलोंचीही आठवण ठेवा.